तपकिरी, लांब चोचीचा, पांढऱ्या शेपटीचा: कोस्टारिकातला हा हमिंगबर्ड कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक वाचक कुटुंबासह कोस्टारिकाला जाऊन आले. सारापिकी भागातल्या ला सेल्व्हा संशोधन केंद्राच्या पायवाटेवर, लोंबत्या लाल फुलांपाशी, त्यांना एक मोठासा तपकिरी हमिंगबर्ड दिसला. चोच लांब आणि वाकडी, शेपटीच्या टोकाला पांढरं. गाइड ‘हर्मिट’ एवढंच म्हणून पुढे गेला, मोबाइलवरच्या ॲपने तीन नावं सुचवली, आणि घरी आल्यावर भावाने ‘अरे, हा तर आपला शिंजीर’ म्हणून निकाल लावला. सोबत चार फोटो आहेत, आणि शेवटी मागाहून पाठवलेला एक पाचवा. पक्षी नक्की कोणता, आणि पुढच्या वेळी आपला आपण कसा ओळखायचा?

पहिल्या तीन फोटोंतला पक्षी लाँग-बिल्ड हर्मिट आहे (हर्मिट हा हमिंगबर्डांचाच एक गट). शास्त्रीय नाव फेथॉर्निस लॉन्जिरोस्ट्रिस. याबद्दल मला शंका नाही. चौथ्या फोटोतला मात्र दुसराच पक्षी आहे. फोटोखाली ठिकाण मॉन्टेव्हर्दे दिसतंय, म्हणजे तुम्ही तोवर डोंगरावर पोहोचला होतात. त्याच्याकडे जरा उशिरा येतो, कारण ‘आपला आपण कसा ओळखायचा’ याचं उत्तर पहिल्या तीन फोटोंपेक्षा त्या चौथ्यात जास्त आहे.

आधी भावाचा निकाल लावू. शिंजीर नाही. हमिंगबर्ड आज फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आणि आसपासच्या बेटांवर आहेत, शिंजीर आफ्रिका, आशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलियात. दोघांचं जवळचं नातं नाही. फुलाच्या नळीतला मध काढायचा तर लांब वाकडी चोच सोयीची, म्हणून दोघांकडे ती वेगवेगळी घडली, एवढंच. शिंजीरही क्षणभर हवेत तरंगतो, पण बहुतेक वेळा देठ पकडून, मान वळवून मध पितो. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत थांबतो आणि चोच बाहेर काढायला सरळ मागे उडतो. ‘आमच्या कोकणात हमिंगबर्ड’ म्हणून दरवर्षी जे व्हिडिओ फिरतात, त्यांत घाणेरीवर घोंघावणारा हॉक मॉथ जातीचा पतंग असतो.

तरीही भाऊ अगदीच चुकला असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणालगतच्या घाटातल्या ओल्या जंगलात शिंजिरांचाच भाऊबंद असलेला छोटा कोळीखाऊ आहे. त्याचीही चोच अशीच धनुष्यासारखी लांब. तो रानकेळीच्या फुलांवर जगतो, कोळी खातो आणि केळीच्या रुंद पानाखाली घरटं शिवतो. लाँग-बिल्ड हर्मिट हेलिकोनियाच्या, म्हणजे केळीच्याच दूरच्या नातलगाच्या फुलांवर जगतो, कोळी खातो आणि ताडवर्गीय झाडाच्या पानाखाली, टोकाशी, घरटं चिकटवतो. दोन जंगलांनी वेगवेगळ्या घराण्यांतल्या पक्ष्यांना जवळपास एकच काम दिलं आहे. भावाला हे सांगा, त्याचं समाधान होईल.

आता ओळख. हर्मिट गटाच्या बाबतीत मी शिकाऊ लोकांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगतो: रंग शेवटी बघा. हमिंगबर्डच्या चमकत्या रंगांचा बराचसा भाग पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो, त्यामुळे कोन बदलला की हिरवा काळा होतो आणि जांभळा गायब होतो. हर्मिटांमध्ये तसली चमक कमीच, पण ते राहतात जंगलाच्या तळात, जिथे सगळा उजेड पानांतून गाळून येतो. तपकिरी पक्षी हिरवट दिसतो, लाल फुलाशेजारी पोट तांबूस भासतं. त्यात सारापिकीला वर्षाला साधारण चार मीटर पाऊस, म्हणजे पक्षी निम्म्या वेळा भिजलेला. भिजलेला हर्मिट एक-दोन छटांनी गडद दिसतो. मग रंगावरून ॲपने तीन नावं सुचवली तर त्याचा काय दोष?

म्हणून क्रम असा ठेवा: समुद्रसपाटीपासूनची उंची, मग आकार, मग शेपटीची ठेवण, मग चेहरा, आणि त्यानंतर वाटल्यास रंग.

तुमच्या दुसऱ्या फोटोपासून सुरू करतो. तुम्ही त्याला ‘बिघडलेला फोटो’ म्हटलंय, पण माझ्या मते चारांत तोच सगळ्यांत कामाचा. पक्षी पाठमोरा, दूर जाताना, धूसर. पण शेपटी बघा. मधली दोन पिसं बाकीच्यांपेक्षा कितीतरी लांब, शेवटी निमुळती होत गेलेली आणि टोकाकडे स्वच्छ पांढरी. बाकीची पिसं गडद, पायरीपायरीने आखूड, त्यांच्या टोकांना फिकट कड. ही ठेवण ला सेल्व्हाच्या सखल जंगलात एवढ्या मोठ्या आकारात दुसऱ्या कोणाची नाही. जंगलात हा पक्षी बहुतेकदा असाच दिसतो: कानाशेजारून काहीतरी सूं करून जातं, आपण वळतो, आणि अंधारात एक पांढरा ठिपका हेलकावे खात दिसेनासा होतो. अनुभवी गाइड त्या ठिपक्यावरून नाव सांगतो ते यामुळे.

पहिल्या फोटोत पक्षी फुलासमोर, बाजूने दिसतो. इथे चोचीकडे नीट बघू. ती सुमारे चार सेंटिमीटर लांब असते आणि पूर्ण लांबीभर एकसारखी हळुवार वाकते; कुठे कोपर काढल्यासारखी मोडत नाही. वरची चोच काळी, खालची पिवळसर-नारिंगी आणि टोकाला काळी. चोच, शेपूट धरून अख्खा पक्षी पंधरा-सोळा सेंटिमीटर, वजन मात्र साधारण सहा ग्रॅम. चेहऱ्यावर डोळ्यावरून मागे गेलेला गडद पट्टा, त्याच्या वर फिकट भुवई, खाली गालावर दुसरी फिकट रेघ. कंठाच्या मध्यावरूनही एक फिकट रेघ उतरते. पोट करडं-मातकट, पाठ ब्राँझसारखी हिरवट तपकिरी, आणि शेपटीच्या मुळाशी पाठीवर बदामी आडव्या रेघा. या आडव्या रेघा पावसाळी उजेडातल्या फोटोतही बऱ्यापैकी टिकतात, म्हणून मी त्या आवर्जून शोधतो.

त्याच फोटोत एक गोष्ट तुम्हाला खटकली असेल: हनुवटीजवळ पिवळट डाग. ते पीस नाही, पराग आहे. हेलिकोनियाच्या वेगवेगळ्या जाती पक्ष्याच्या डोक्यावर वेगवेगळ्या जागी पराग लावतात, कोणी कपाळावर, कोणी चोचीच्या बुडाशी, कोणी हनुवटीखाली, त्यामुळे एकाच पक्ष्याने दोन जातींना भेट दिली तरी परागांची सरमिसळ कमी होते. झाडाची सोय होते, पण फोटो बघणाऱ्याची पंचाईत. परागाने माखलेला हर्मिट बघून ‘फिकट कंठाची नवी जात’ म्हणून आलेले फोटो मी बरेच बघितलेत. डाग दोन्ही बाजूंना सारखा नसेल, कडा पिठूळ असतील, तर पराग समजा. (याच फुलांत बारीक माइट किडे राहतात. पक्ष्याची चोच फुलात शिरली की ते पळत जाऊन त्याच्या नाकपुडीत बसतात आणि पुढच्या योग्य फुलावर उतरतात. ते तुमच्या फोटोत दिसणार नाहीत, पण असू शकतात.)

आता ॲपने सुचवलेली नावं. स्ट्राइप-थ्रोटेड हर्मिट लगेच बाद. तो याच जंगलात, याच पायवाटांवर असतो, चेहऱ्याची ठेवणही तशीच, पण जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटरचा, अडीच-तीन ग्रॅमचा जीव. पोट तांबूस. फोटोत एकट्या पक्ष्याचा आकार कळत नाही हे खरं. तेव्हा फुलाशी तुलना करा. तुमच्या पक्ष्याचं शरीर हेलिकोनियाच्या लाल होडीसारख्या पानाच्या, म्हणजे ज्यातून फुलं डोकावतात त्या भागाच्या, निम्म्याहून जास्त भरतं. छोटा हर्मिट तिथे एखाद्या मोठ्या माशीसारखा दिसला असता. शिवाय त्याची चोच त्या नळीच्या तळापर्यंत सहज पोहोचत नाही, तो बरेचदा बारक्या फुलांवर दिसतो.

ब्राँझी हर्मिट थोडा जास्त फसवा. ओढ्याकाठच्या हेलिकोनियाच्या गचपणात तो नक्की भेटतो, चोच लांब आणि वाकडी, आकारही आसपासचा. पण त्याची शेपटी गोलसर. मधली लांब पांढरी पिसं नाहीतच. शेपटी पसरली की बुडाला तांबूस रंग, मग काळा पट्टा आणि मग पांढरी टोकं. पोट सगळं दालचिनीसारखं तांबूस. ॲपच्या यादीत नसलेल्या, पण याच गटातल्या बँड-टेल्ड बार्बथ्रोटचीही शेपटी गोल, पण तिचं बूड पांढरं, आणि कंठावर गडद हनुवटीखाली नारिंगी डाग. म्हणजे दोघांनाही शेपटीवरूनच वेगळं काढता येतं. पिसं झडण्याच्या काळात लाँग-बिल्डची मधली दोन पिसं गळालेली असतात तेव्हा गोंधळ होतो, कारण तोही आखूड शेपटीचा दिसतो. अशा वेळी शेपटीच्या बुडाशी तांबूस किंवा पांढरा रंग आहे का ते तपासा. लाँग-बिल्डच्या शेपटीचं बूड गडदच असतं.

ॲपच्या यादीतलं तिसरं नाव लाँग-बिल्ड स्टारथ्रोट बघून मला हसू आलं. ‘लाँग-बिल्ड’ शब्द टाइप केल्यावर ते वर आलं असावं. तो हर्मिट नाही. त्याची चोच लांब पण जवळपास सरळ, नराच्या कंठावर किरमिजी चमक, आणि तो वर उघड्या फांदीवर बसतो.

आणि आता चौथा फोटो. लॉजच्या साखरपाण्याच्या बाटलीवर काढलेला. लांब वाकडी चोच, पांढरी लांब शेपटी, चेहऱ्यावर रेघा. तुम्ही त्याला तोच पक्षी समजलात हे अगदी स्वाभाविक आहे. पण ही ग्रीन हर्मिटची मादी आहे. शास्त्रीय नाव फेथॉर्निस गाय. या जातीत मादीची मधली शेपटीची पिसं नरापेक्षा जास्त लांब आणि चेहऱ्यावरच्या बदामी रेघाही ठळक, म्हणून मादी लाँग-बिल्डची आठवण करून देते. नर बराच गडद असतो, त्याची शेपटी आखूड, आणि तो दिसला असता तर कदाचित तुम्ही गोंधळला नसता.

मी फोटो उघडायच्या आधी ठिकाण वाचलं आणि निम्मा निर्णय तिथेच झाला. लाँग-बिल्ड हर्मिट हा सखल, दमट जंगलाचा पक्षी. कोस्टारिकात कॅरिबियन उताराकडची सखल जंगलं आणि दक्षिण पॅसिफिक बाजूला ओसा द्वीपकल्पासारखा भाग, साधारण हजार मीटरपर्यंत. वायव्येकडच्या कोरड्या ग्वानाकास्ते भागात तो नाही. ग्रीन हर्मिट डोंगरउताराचा, पाचशे ते दोन हजार मीटरच्या दरम्यानचा. ला सेल्व्हा समुद्रसपाटीपासून जेमतेम पस्तीस ते एकशे चाळीस मीटरवर. मॉन्टेव्हर्दे चौदाशे मीटरच्या आसपास. तेव्हा ला सेल्व्हात लांब पांढऱ्या शेपटीचा मोठा हर्मिट दिसला तर आधी लाँग-बिल्ड, मॉन्टेव्हर्देत दिसला तर आधी ग्रीन. खरा कस लागतो तो मधल्या पट्ट्यात, पाचशे ते हजार मीटरमध्ये, जिथे दोघे एकाच ओढ्यावर येऊ शकतात.

त्या पट्ट्यात हे बघा. ग्रीन हर्मिटची पाठ खरोखर हिरवी-निळसर, आणि शेपटीच्या मुळाशी निळसर झाक. लाँग-बिल्डची तपकिरीकडे झुकणारी, मुळाशी बदामी आडव्या रेघांची. ग्रीनचं पोट गडद राखाडी, लाँग-बिल्डचं मातकट फिकट. ग्रीनच्या खालच्या चोचीचा रंग लालसर नारिंगीकडे जातो, लाँग-बिल्डचा पिवळसर नारिंगीकडे. हा शेवटचा फरक खात्रीचा धरू नका, फोटोचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने लावलेला रंगांचा मेळ, थोडा इकडेतिकडे झाला की तो पुसला जातो. तुमच्या चौथ्या फोटोत पाठीवर हिरवा रंग स्पष्ट आहे, आडव्या रेघा नाहीत, छाती राखाडी आहे. आणखी एक: लाँग-बिल्ड साखरपाण्याच्या बाटलीवर क्वचितच येतो. ग्रीन मात्र डोंगरावरच्या बाटल्यांवर नेमाने येतो.

नावांबद्दल एक इशारा. तुमच्याकडे कोस्टारिकाची जुनी पक्षी-मार्गदर्शिका असेल तर तिच्यात हा पक्षी ‘लाँग-टेल्ड हर्मिट’ म्हणून सापडेल, फेथॉर्निस सुपरसिलिओसस या नावाखाली. पूर्वी मेक्सिकोपासून ॲमेझॉनपर्यंतचे हे सगळे एकच समजले जात. आता ‘लाँग-टेल्ड’ हे नाव ईशान्य दक्षिण अमेरिकेकडच्या पक्ष्यांकडे राहिलं आहे, आणि नैर्ऋत्य मेक्सिकोतले वेगळे काढून ‘मेक्सिकन हर्मिट’ झाले. पुढे कधी पेरूच्या ॲमेझॉन बाजूला गेलात आणि असाच मोठा तपकिरी हर्मिट दिसला तर तो बहुधा ग्रेट-बिल्ड हर्मिट असेल. देश बदलला की यादी पुन्हा पहिल्यापासून बघायची, सवयीने नाव टाकायचं नाही.

हा पक्षी शोधायचा कसा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण वर्तन कळलं की ओळख पक्की होते. बरेचसे हमिंगबर्ड एखादं फुलांचं झाड ताब्यात घेतात आणि दिवसभर भांडतात. लाँग-बिल्ड हर्मिट तसं करत नाही. तो रतीब घालणाऱ्या गवळ्यासारखा ठरलेल्या वाटेने फिरतो: दूरदूर विखुरलेली फुलं, प्रत्येकापाशी काही सेकंद, आणि पुढे. हेलिकोनियाचं एक फूल एकच दिवस टिकतं, पहाटे उमलतं, संध्याकाळपर्यंत संपतं. पण झाडावर रोज थोडी नवी फुलं येत राहतात, त्यामुळे फेरी पुन्हापुन्हा मारण्यात अर्थ असतो. तुमच्यासाठी याचा उपयोग असा की पक्षी उडून गेला तर मागे धावू नका. त्याच झुडपापाशी थांबा. तो परत येतो, अनेकदा त्याच बाजूने. पहाटे उजाडल्यापासूनचे पहिले दोन तास सगळ्यांत चांगले.

आणि लाल टोपी किंवा चमकदार रंगाची सॅक असेल तर तो स्वतःच येऊन तपासणी करेल. तोंडापासून हातभर अंतरावर हवेत थांबतो, डोकं तिरकं करून बघतो, शेपटी खालीवर हलवतो आणि जातो. त्या दोन सेकंदांत कॅमेरा उचलायला जाऊ नका. नुसतं बघा: चेहऱ्यावरच्या रेघा, चोचीचा खालचा रंग, सगळं एवढ्या जवळून पुन्हा दिसणार नाही.

दुसरी जागा म्हणजे नरांचा गाण्याचा अड्डा. पक्षीशास्त्रात याला ‘लेक’ म्हणतात. ओढ्यालगतच्या दाट झुडपात नर एकमेकांपासून थोड्या अंतरावर, जमिनीपासून मीटरभर उंचीच्या काटकीवर बसतात आणि एकच खरखरीत, चिरका स्वर सेकंदाला साधारण एक या गतीने काढत राहतात. थांबत नाहीत. मोठ्या अड्ड्यावर वीस-पंचवीस नर असू शकतात. गाताना शेपटी स्वराच्या तालावर हलते, आणि अंधाऱ्या झुडपात ती हलणारी पांढरी टोकंच आधी दिसतात, पक्षी नंतर. हे सगळं माद्यांसाठी चाललेलं असतं. घरटं, अंडी, पिल्लं यांत नराचा काहीच वाटा नाही. मादी एकटी कोळ्याच्या जाळ्याने बांधलेल्या घरट्यात दोन पांढरी अंडी घालून सगळं निभावते. या अड्ड्यांचा सविस्तर अभ्यास स्टाइल्स आणि वुल्फ यांनी ला सेल्व्हातच केला आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं अड्डे त्याच जागी भरतात, म्हणून स्थानिक गाइडला विचारलं तर तो सरळ तिथे नेतो.

तुमचा तिसरा फोटो मला अशा अड्ड्यावरचाच वाटतो. काटकी बारीक, उघडी, जमिनीलगत. पक्षी बसलेला, चोच किंचित वर. तिथे कंटाळवाणा एकसुरी आवाज ऐकू येत होता का, ते आठवून बघा. येत असेल तर तो पक्षी नर आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येईल. नुसत्या दिसण्यावरून नर-मादी सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. मादीची चोच थोडी आखूड आणि जराशी जास्त वाकडी असते, पण हा फरक हातात पक्षी धरून मोजपट्टी लावल्यावरचा. नराच्या चोचीचं टोक सुईसारखं लांबट आणि धारदार असतं, आणि अड्ड्यावरच्या भांडणात ते हत्यार म्हणून वापरलं जातं, असं २०१५ मध्ये रिको-ग्वेवारा आणि आराया-सालास यांनी दाखवलं. तेही तुमच्या लेन्सला दिसायचं नाही. पिल्लांच्या पाठीवरच्या पिसांना बदामी कडा असतात. तुमच्या तिन्ही फोटोंत त्या नाहीत, म्हणजे पक्षी प्रौढ.

आवाज ओळखणाऱ्या ॲपवर या जातीपुरता फार भरवसा ठेवू नका. हमिंगबर्ड गाणं शिकतात. गाणारे पक्षी आणि पोपट सोडले तर पक्ष्यांत ही गोष्ट मुख्यतः त्यांच्याकडेच आहे. एका अड्ड्यातही शेजारी-शेजारी बसणाऱ्या नरांचे गट असतात आणि प्रत्येक गटाचा स्वर वेगळा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ला सेल्व्हातल्याच अभ्यासात प्रौढ नर आपलं गाणं बदलतात हेही दिसलं. तेव्हा तुम्ही ऐकलेला आवाज इंटरनेटवरच्या ध्वनिमुद्रणाशी जुळला नाही तर बिघडत नाही. लय ऐका, सूर नको. तोच स्वर, त्याच गतीने, मिनिटामागून मिनिटं, जमिनीलगतच्या गचपणातून येत असेल तर तिकडे वळा.

फोटोबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही ‘फोटो वाईट आलेत’ म्हणून तीनदा माफी मागितली आहे. जंगलाच्या तळात उजेड नसतोच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवा, दाणे येऊ देत. ओळखीसाठी दाणेदार पण स्थिर फोटो गुळगुळीत पण हललेल्या फोटोपेक्षा दहापट बरा. पक्ष्याच्या मागे न लावता लेन्स फुलावर रोखून ठेवा. एक फोटो बाजूने, एक पाठीमागून शेपटी पसरलेली असताना, एवढे मिळाले की ओळख होते. अड्ड्यावर फ्लॅश नको, आणि मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून बोलावणं तर अजिबात नको. नर तासन्‌तास गाण्यात ताकद घालवत असतो. तुमच्या खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला लावून त्याची जागा डळमळीत करू नका. घरटं दिसलं तर पान हातात धरून उलटून बघायचं नाही, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणार असाल तर पहिले तीन फोटो ला सेल्व्हाच्या यादीत लाँग-बिल्ड हर्मिट म्हणून टाका, चौथा मॉन्टेव्हर्देच्या वेगळ्या यादीत ग्रीन हर्मिट म्हणून, आणि शेरा लिहा ‘मादी, लांब शेपटी, पाठ हिरवी’. पाठमोरा धूसर फोटो वगळू नका, तोच पुरावा आहे. कापून मोठा केलेला आणि मूळ, दोन्ही जोडा. तुम्ही शेवटी पाठवलेला पाचवा, केवळ चोच आणि लाल पान दिसणारा फोटो मी ‘हर्मिट, जात अनिश्चित’ असाच ठेवला असता. त्यात शेपटी नाही, चेहरा नाही, आणि तो कोणत्या दिवशी, किती उंचीवर काढला याची नोंदही नाही. तो कुठल्या गावचा, एवढं जरी आठवलं तर कळवा.